काय नाय, बरी हाय

ऑक्टोबर लागला की आमची खालची आळी लाल होते. चार महिने पाण्याने धुऊन निघालेला जांभा सुकतो, वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, डंपर पळायला लागतात, आणि त्यांच्या मागनं उठलेली धूळ पाखाडीच्या पायऱ्या एकेक करून उतरत आमच्या दारात येते. न बोलावलेल्या पाहुण्यासारखी, आरामात. दोरीवरचे पांढरे शर्ट संध्याकाळपर्यंत गुलाबी होतात. मामाच्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर ती बसते आणि मग महिनाभर आळीतल्या झाडून सगळ्यांच्या आधार कार्डावर गालाला एक तीळ उगवतो. मामा म्हणतो, ‘असूदे, नजर लागणार नाय.’

यंदाही ऑक्टोबर आलाय. सकाळचे पावणेआठ, दुकानाच्या बाकावर चार म्हातारी माणसं बसलेली. ऊन आत्ताच चटका देतंय. कुठूनतरी कापलेल्या गवताचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा एकत्र वास येतोय. सगळे घड्याळाकडे बघतायत. आठ वाजता फोन लावायचाय. मीही बघतोय, आणि मला तो दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतोय. तेव्हा मी स्वतःला फार भारी समजत होतो.

भारी समजण्याचं कारण म्हणजे मला आवाज काढता येतात. कोणाचेही. एस.टी. स्टँडवरची बाई लांजा गाडी लागल्याचं सांगते ती, आमचे हेडमास्तर नाकातून ‘शिस्त’ म्हणायचे ते, मामाचं मशीन कागद गिळून गुदमरतं ते. शाळेत इतर विषयांत मला काय मिळालं ते विचारू नका, पण स्नेहसंमेलनाला माझ्याशिवाय पडदा उघडायचा नाही.

माझ्या यादीतला सगळ्यात जुना आवाज जाधव मावशींचा. मावशी आमच्या शाळेत शिपाई होत्या. घंटा त्यांची, पाण्याची टाकी त्यांची, उशिरा येणाऱ्यांचे कानही त्यांचेच. सहावीत असताना एकदा मी संडासामागे लपून त्यांच्या आवाजात ओरडलो, ‘सुटली रे शाळा!’ अर्धी शाळा दप्तरं घेऊन फाटकाबाहेर गेली. मावशींनी मला कान धरून आणला, पण आणता आणता म्हणाल्या, ‘मेल्या, घंटा तरी वाजवायची आधी. पोरं घंटेशिवाय कशी सुटतील?’ म्हणजे कामातली चूक दाखवली.

*

आता दवाखान्याचं सांगायला हवं.

आमच्या आळीचा जुना दवाखाना कोपऱ्यावरच्या कौलारू घरात होता, दोन खोल्यांचा. फिनेलचा वास, एक डगमगतं टेबल, आणि रस्त्यावर उघडणारी बुटकी खिडकी. खिडकीत कंपाउंडर बसायचे. त्यांना काम कमी आणि डोळे जास्त. रस्त्यानं कोण जातंय, कसं जातंय, ते त्यांना दिसायचं. ‘अगो, पाय का ओढतेस? ये आत.’ ‘तुझे डोळे पिवळे कशाने झाले? थांब जरा.’ एखादा तीन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी निरोप. आमच्याकडे कुणी दवाखान्यात जायचं नाही. लोक मासळी घेऊन घरी चाललेले असायचे आणि वाटेत पकडले जायचे.

मग ते घर पाडलं गेलं. तिथं आता आठ मजली इमारत उभी राहिलीय. खाली गाड्या लावायची सोय, वर समुद्र दिसायची सोय. दवाखाना गेला वर, सड्यावरच्या नव्या कॉलनीत. खोटं कशाला बोलू, तो या जुन्यापेक्षा शंभर पटीनं चांगला आहे. फरशी चकचकीत, खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, रक्त तिथल्या तिथे तपासतात, डॉक्टरबाई हुशार. फक्त तो वर आहे. मध्ये आमची पाखाडी, एकशे बारा पायऱ्या, जांभ्याच्या, प्रत्येकीची उंची वेगळी. रिक्षाचा रस्ता वळसा घालून जातो, आणि त्या वर्षी इमारतीची खडी नि वाळू आळीच्या तोंडाशीच टाकलेली. रिक्षा आत यायची नाही.

शिवाय वर गर्दी झाली म्हणून नंबर फोनवर. सकाळी आठ ते साडेआठ. सिस्टर विचारणार नाव, वय, काय होतंय, किती दिवस. त्यावरून ठरवणार की आज या, उद्या या, की पुढच्या आठवड्यात या. आणि पेशंटनेच स्वतः बोलायचं. हा नियम का, तर सुरुवातीला कॉलनीतल्या एका उत्साही माणसानं अख्ख्या बिल्डिंगचे नंबर एकट्यानेच लावले होते.

फोनवरच्या सिस्टर कोल्हापूरकडच्या. बोलणं एकदम खणखणीत. ‘बोला की! कोण बोलतंय? वय किती? काय होतंय तुमास्नी?’ हे ऐकूनच आमची माणसं गार. हसन चाचा, ज्यांनी पंचवीस वर्षं आखाताच्या बोटींवर काढली, वादळं बघितली, ते ‘हॅलो’ म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे. त्यांना तसं ऐकूही कमी येतं. बाकीचे म्हणायचे, ‘निल्या, तूच बोल रे, त्या बाय काय विचारतात कळत नाय.’

मी बोलायला लागलो. त्यांच्या त्यांच्या आवाजात. आठ वाजता हसन चाचा, आठ पाचला चाळीतल्या काकू, आठ दहाला आणखी कोणीतरी. खोकलासुद्धा ज्याचा त्याचा. दुकानात ही गर्दी. मामानं बाक आणखी एक आणला. लोक नंबर नसला तरी ऐकायला यायचे. सकाळी सकाळी एवढी करमणूक आळीत दुसरी नव्हती.

आणि मला वाटायचं, मी समाजसेवा करतोय.

*

एक सकाळ मला नीट आठवते. वरच्या कॉलनीतले देसाई काका झेरॉक्सला आले होते. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले, सज्जन माणूस, दुकानात शिरताना चप्पल काढणारे. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला. ‘नमस्कार. वय सदुसष्ट. उजव्या कानात परवा संध्याकाळपासून ठणका आहे. आज सकाळी सहाला ताप शंभर पॉइंट दोन. गिळताना वाढतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे.’ संपलं. आज सकाळी अकराचा नंबर. वीस सेकंद लागले असतील.

बाकावरचे सगळे बघत राहिले. हसन चाचा मला हळूच म्हणाले, ‘क्या बोलला रे तो?’

‘दुखतंय म्हणाला.’

‘एवढंच? मग एवढं लांब कशाला?’

मी देसाई काकांच्या पाठीमागे त्यांचा आवाज काढून दाखवला आणि सगळे हसले. तेव्हा डोक्यात काही आलं नाही. ते आता येतं. त्या माणसानं काही वशिला लावला नव्हता, कोणाचा नंबर खाल्ला नव्हता. त्यांना फक्त दुखणं सांगता येत होतं. आयुष्यभर त्यांनी सांगितलं आणि समोरच्यानं ऐकलं, असं होत आलेलं असणार. आमच्या बाकावर बसलेल्यांचं उलटं. मावशींनी शाळेत एकदा तापात रजा मागितली तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, ‘मग घंटा कोण देणार?’ मावशी घरी गेल्या नाहीत, पायरीवर बसून घंटा देत राहिल्या. मी पाहिलंय. तीस वर्षं असं गेल्यावर माणूस काय शिकतो? कुणी काही विचारायच्या आत ‘काय नाय, बरी हाय’ म्हणायला शिकतो.

*

त्या ऑक्टोबरात मावशी दुकानात आल्या तेव्हा उजव्या पायाला फडकं होतं आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, धूळ नको म्हणून. इमारतीच्या सेंट्रिंगची फळी वाटेत पडली होती, तिचा खिळा चपलेतून आत गेला. मावशींना साखरेचा आजार.

‘नंबर लाव रे निल्या.’

‘काय सांगू?’

‘सांग, पायाला लागलंय.’

एवढंच बोलल्या त्या. पुढचं सगळं माझं.

मी फोन लावला आणि मावशींचा आवाज लावला. सगळ्यात जुना, सगळ्यात घोटलेला. सिस्टर म्हणाल्या, ‘काय झालंय पायाला?’ आणि मी, मावशींच्या त्या खालच्या, जरा ओढलेल्या सुरात, त्या पदराला हात पुसत बोलतात तसा मीही शर्टाला हात पुसत म्हणालो, ‘काय नाय गो बाय, जरासं खरचटलंय. बरी हाय मी. तुला वेळ असला तर बघ, नायतर ऱ्हावदे.’

मी फोनवर हात दाबला आणि दुकान हसून फुटलं. मामा मशीनवर डोकं टेकून हसत होता. हसन चाचांना काही ऐकू आलं नव्हतं, तेसुद्धा हसले. आणि मावशी! मावशी तोंडाला पदर लावून हसत म्हणाल्या, ‘हुबेहूब मेल्या. मी अशीच बोलली असती.’

सिस्टरनी विचारलं, ‘सूज? पू? ताप?’

‘नाय गो, नाय.’

‘दुखतंय किती?’

‘दुखत तर अजिबात नाय.’

‘बरं मग, पुढच्या बुधवारी या आजी.’

मी फोन ठेवला आणि वाकून नमस्कार केला, नाटकात करतात तसा. त्या पिशवीच्या आत काय आहे ते मी बघितलं नाही. कोणीच बघितलं नाही. बुधवारला आठ दिवस होते.

*

सहाव्या दिवशी मावशींच्या पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा मुंबईला, सून तिकडेच, मावशी एकट्या. दार उघडं. पडवीत वाळत घातलेल्या मिरच्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, फोटोला ताजी फुलं, धम्मचक्र दिनाची तयारी. सगळं टापटीप. आणि त्या सगळ्यात एक वास. बंदरावर मासळीची टोपली उन्हात विसरली की येतो, तसला.

‘मावशी, पाय दाखवा.’

‘काय नाय रे, बरा होतोय.’

‘दाखवा म्हणतो ना!’ मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो असेन.

करंगळी काळी पडली होती. शेजारचं बोट जांभळं. घोट्यापर्यंत पाय तट्ट सुजलेला, कातडी चकाकत होती. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘दुखत नाय बघ, खरंच नाय दुखत.’

साडेअकरा वाजले होते, नंबरची वेळ कधीच गेलेली. मी तिथूनच फोन लावला.

‘नंबर उद्या आठला,’ सिस्टर म्हणाल्या.

‘सिस्टर, जाधव मावशी, पायाला लागलेलं, बुधवारचा नंबर आहे...’

‘हां, त्या आजी. खरचटलंय म्हणाल्या होत्या की.’

‘त्या नाही म्हणाल्या. मी म्हणालो.’

‘म्हणजे?’

‘तो आवाज मी काढला होता. त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या.’

नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘किती जणांचा काढलास?’

‘सगळ्यांचा.’

‘अरे देवा.’ मग एकदम त्यांचा आवाज बदलला. ‘बरं, ते र्‍हाऊदे. आता तुझ्या आवाजात सांग. जखमेजवळ जा. रंग काय हाय?’

मी सांगायला लागलो आणि मला जमेना. कोणाच्या तरी आवाजात असतं तर भडाभडा आलं असतं. माझ्या आवाजात मला ‘काळी’ हा शब्द काढायला वेळ लागला. रंग, वास, सूज कुठपर्यंत, हात लावल्यावर गरम लागतंय का. एकेक विचारून त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं.

‘आत्ता आणा. चालवू नका. पाय खाली टेकवायचा नाही.’

रिक्षा आत येईना. मामानं दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. इमारतीचा वॉचमन दिल बहादूर आणि त्याच्याबरोबरचा एक, दोघे नेपाळचे, त्यांनी मागनं धरली, मामा आणि मी पुढनं. पाखाडी. भर उन्हात एकशे बारा पायऱ्या, आणि खुर्चीत मावशी ओशाळून बसलेल्या.

‘उतरवा रे. लोकं बघतायत. मी हळूहळू चढतंय.’

‘गप बसा मावशी,’ मामा धापा टाकत म्हणाला.

‘तुज्या छातीत दुखेल, उतरव.’

‘माझ्या छातीत काय नाय!’

‘मग माज्या पायाला तरी काय हाय?’

दिल बहादूर मधेच त्याच्या मराठीत म्हणाला, ‘आजी, तुमी बोलू नका, वजन वाढते.’ मावशी हसल्या आणि खरंच गप्प झाल्या. त्याला मी नंतर विचारलं, तू आजारी पडलास की काय करतोस? म्हणाला, ‘आजारी नाही पडत.’ ह्याचाही सूर मी ओळखला.

*

वर डॉक्टरबाईंनी फडकं सोडलं, बघितलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात पाठवायची गाडी मागवली. गाडी येईपर्यंत त्या मला म्हणाल्या, ‘साखरेच्या पेशंटचा पाय दुखत नाही, हाच तर घोटाळा असतो. दुखलं असतं तर आल्या असत्या.’ मला म्हणावंसं वाटलं, नसत्या आल्या. दुखलं असतं तरी नसत्या आल्या.

सिस्टरना तेव्हा पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं. मला वाटलं होतं धिप्पाड असतील. बारीकशी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी बाई. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं नोंद चाललेली. मला बघून म्हणाल्या, ‘तूच का तो?’

‘हो.’

‘माझा बी आवाज काढतोस?’

मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागलो.

‘काढत असणार. काढ. पण मला एक सांग, तुमच्या आळीत कुणाला कधी काय होतच नाय का? वरनं फोन येतात, माणसं मला सगळं सांगतात. खालनं फोन आला की बरं हाय, बरं हाय. मी म्हटलं, चला, खालची हवा चांगली असंल.’

हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही.

मावशींचा पाय वाचला. करंगळी गेली, शेजारच्या बोटाचा तुकडा गेला. दिवाळीचा आकाशकंदील त्यांनी हॉस्पिटलच्या खिडकीतून बघितला. भेटायला गेलो तेव्हा आणलेली केळी मी त्यांच्या उशाशी ठेवली. मग म्हणालो, ‘मावशी, चुकलं माझं.’

‘तुजं कसलं? मी तेच बोलली असती.’

‘म्हणून तर.’

त्यांनी छताकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘मला वाटायचं, आपण बोललो की समोरच्याचं काम वाढतं.’

*

त्यानंतर आवाज काढणं मी सोडलं असं नाही. सोडलं असतं तर मेलो असतो. पण फोनवर पेशंट आता पेशंटच्याच तोंडाने बोलतात. मी फक्त साडेसातला सिस्टर होतो. दुकानात. कोल्हापुरी खणखणीत आवाजात, हातात स्टेपलरचा फोन धरून. आणि समोरच्याची तालीम घेतो.

‘बोला की! काय होतंय?’

‘ठीक है,’ हसन चाचा म्हणतात.

‘ठीक आहे तर फोन कशाला केला?’

‘तू बोला करने को.’

‘चाचा, मी सिस्टर आहे आत्ता!’

‘अच्छा. तो ठीक है, सिस्टर.’

चाळीतल्या काकूंचं दुसरंच. त्या दुखण्याऐवजी नवऱ्याचं सगळं सांगतात. एकदा ‘किती दिवस झाले’ला ‘लग्न झाल्यापासून’ म्हणाल्या. पण हळूहळू येतंय. तिकडे सिस्टरनीही एक बदल केला. खालच्या नंबरवरून फोन आला की त्या ‘काय होतंय’ विचारत नाहीत. विचारतात, ‘गेल्या महिन्यात जमायचं आणि आता जमत नाय, असं काय हाय?’ मग उत्तरं येतात. विहिरीचं पाणी ओढवत नाही. मासळी साफ करताना दिसत नाही. पाखाडीत तीनदा बसावं लागतं. आमच्या माणसांना दुखणं सांगता येत नसलं तरी काम सांगता येतं.

सगळं सुटलंय असं नाही. खडी गेली, पण इमारतीच्या कंपाउंडनं आळीचं तोंड आणखी अरुंद केलं. कोपऱ्यावरनं आता जो जातो त्याला कोणी बघत नाही, फक्त कॅमेरा बघतो, आणि कॅमेरा ‘पाय का ओढतेस’ असं विचारत नाही. पायऱ्या अजून एकशे बाराच.

*

तर आज. आठ वाजले. मावशी बाकावरून उठल्या. उजव्या पायात त्यांना खास बनवून दिलेली पुढनं बंद चप्पल. फोन मी लावून दिला, स्पीकरवर टाकला आणि मागे झालो.

‘बोला की आजी! कशा हाय?’

‘काय न...’ मावशी थांबल्या. बाक थांबला. मामानं मशीन बंद केलं. ‘गुडघे दुखतायत,’ मावशी म्हणाल्या. ‘दोनी. डावा जास्ती.’

‘किती दिवस झालं?’

मावशींनी बोटं मोजली, मग मोजायचं सोडून दिलं. ‘शाळेत होती तेवापासून. बारा-चौदा वर्षं झाली असतील.’

तिकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. ‘मग आजच या आजी. साडेदहा.’

‘नाय,’ मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता ‘ऱ्हावदे’ येणार.

‘मला वर चढवत नाय. गुडघ्यांसाठी गुडघ्यांनी वर कशी येऊ? तुमीच या खाली.’

जाधव मावशींनी कोणाला तरी, कुठंतरी, ‘या’ असं म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते नवीन असावं, कारण फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

‘डॉक्टरबाईंना विचारते,’ सिस्टर म्हणाल्या. फोनवर हात ठेवल्याचा आवाज, काहीतरी कुजबुज. मग, ‘दुपारी दोनला आम्ही दोघी येतो. आणखी कुणी हाय का खाली, बघायचं राहिलेलं?’

मावशींनी वळून बाकाकडे बघितलं. एकेकाकडे, हजेरी घेतल्यासारखं. हसन चाचांनी हात वर केला आणि हलवला. ‘मेरा कुछ नहीं. मैं ठीक है.’

‘लिहा,’ मावशी फोनमध्ये म्हणाल्या. ‘हसन. वय अठ्ठ्याहत्तर. ऐकू येत नाय, रात्रभर खोकतो, आणि खोटं बोलतो.’